स्वतंत्र गाण्यांच्या निवडक प्लेलिस्ट आणि गाण्यांचे भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी दर महिन्याला स्वतंत्र कलाकारांच्या गाण्यांची एक प्लेलिस्ट तयार करते. प्रत्येक यादीला एका मनःस्थितीचे नाव असते: ‘हुरहुर’, ‘रुखरुख’, ‘कातरवेळ’, ‘सुट्टीची दुपार’. ऐकणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न मलाही सतत पडत आले आहेत.

‘इंडी’ गाणी म्हणजे नेमकी कोणती?

‘इंडी’ हा ‘इंडिपेन्डन्ट’ या शब्दाचा बोलण्यातला संक्षेप आहे आणि मुळात तो गाण्याच्या चालीविषयी काहीच सांगत नाही. गाणे कोणाच्या पैशाने ध्वनिमुद्रित झाले आणि ते दुकानापर्यंत कोणी पोहोचवले, एवढेच त्यातून कळते. जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, तिच्या पहिल्या खेपेच्या १,००० प्रती छापल्या आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले तेही वेष्टनावर लिहून टाकले. मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहता तबकडी निघू शकते, हे त्या एका कृतीने अनेकांना दिसले. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी गाण्यांची वेगळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हाही निकष वितरणाचाच होता. म्हणूनच पुढे कायली मिनोग या पॉप गायिकेची झगमगीत नृत्यगीतेसुद्धा त्या क्रमवारीत नियमाप्रमाणे आली.

मग ‘इंडी’ म्हटले की किणकिणत्या गिटारी आणि संकोची आवाज डोळ्यांसमोर का येतात? त्यालाही एक निवडक यादीच बरीचशी कारणीभूत आहे. १९८६ मध्ये ब्रिटनच्या ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने २२ बँडचे एकेक गाणे घेऊन ‘सी८६’ नावाची कॅसेट वाचकांसाठी काढली. त्यातले सगळे बँड एकसारखे मुळीच नव्हते, तरी त्या कॅसेटचे नावच पुढे एका विशिष्ट ध्वनीचे नाव झाले. यादी करणाऱ्या माणसाच्या हातात किती ताकद असते आणि त्याने किती जपून वागले पाहिजे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

आपल्याकडे या शब्दाला आणखी एक पदर आहे. भारतात लोकप्रिय संगीत म्हणजे बहुतांशी चित्रपटसंगीत, त्यामुळे चित्रपटाबाहेरचे ते इंडी असा ढोबळ अर्थ रूढ झाला. मी तो पूर्णपणे मानत नाही, कारण भावगीतही चित्रपटाबाहेरचेच होते, पण त्याच्या तबकड्या मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्याच काढत असत. खऱ्या अर्थाने स्वतंत्र म्हणावे असे आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या आपल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आपला पहिला अल्बम मुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी नेऊन दिल्या. माझ्या याद्यांचा निकष साधारण हाच आहे: गाणे काय असावे आणि कसे वाजावे, याचा शेवटचा निर्णय ते करणाऱ्या माणसांच्याच हातात असला पाहिजे.

ॲप रोज आपोआप याद्या बनवून देते, मग हाताने वेचलेल्या यादीची गरज काय?

आपोआप बनणाऱ्या याद्यांना मी नावे ठेवत नाही, मी त्या ऐकते. स्पॉटिफाय या संगीत ॲपने जुलै २०१५ मध्ये दर सोमवारी ३० गाण्यांची व्यक्तिगत यादी देणे सुरू केले, तेव्हापासून असंख्य लोकांना त्यातून नवे कलाकार भेटले आहेत. मात्र ती यादी कशी बनते हे समजून घेण्यासारखे आहे. जगभरच्या लोकांनी स्वतःसाठी केलेल्या याद्यांमध्ये कोणती गाणी वारंवार शेजारी शेजारी येतात, हे यंत्र पाहते आणि त्या शेजारावरून तुमच्या आवडीचा अंदाज बांधते. म्हणजे यंत्राच्या शिफारशीच्या पायाशीही माणसांनी हाताने लावलेल्या याद्याच आहेत.

अडचण येते ती अगदी नव्या गाण्यापाशी. लातूरच्या एखाद्या मुलीने काल रात्री चढवलेले गाणे आजवर ४० जणांनी ऐकले असेल, तर त्या गाण्याला अजून शेजारच नसतो, त्यामुळे यंत्राला ते दिसत नाही. ते गाणे कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून, विचार करून, दुसऱ्या कोणत्या तरी गाण्याच्या शेजारी नेऊन बसवावे लागते. निवडक यादी करणाऱ्याचे पहिले काम हेच आहे, असे मी मानते. दुसरे काम गाळण्याचे. महिन्याला मी साधारण २०० गाणी ऐकते आणि त्यातली ११-१२ ठेवते. वगळलेल्यांतली कित्येक चांगलीच असतात, फक्त त्या महिन्याच्या भावात बसत नाहीत.

गाण्याचा भाव तुम्ही कसा ठरवता?

हा सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत अवघड प्रश्न आहे, म्हणून आधी कानाला थेट कळणाऱ्या गोष्टी सांगते. लय किती आहे, सुरावट चढत जाते की उतरत येते, आवाज छातीतून येतो की ओठांतल्या ओठांत राहतो, गायक माइकच्या किती जवळ बसला आहे, आवाजामागचा घुमारा लहान खोलीचा आहे की रिकाम्या सभागृहाचा, हे मी आधी टिपून ठेवते. स्वतंत्र गाण्यांत ही शेवटची गोष्ट फार बोलते. ती पुष्कळदा घरीच मुद्रित झालेली असतात, त्यामुळे ओळ सुरू होण्याआधीचा श्वास, तारेवरून बोट सरकल्याचा चरचराट, कधी मागे फिरणारा पंखाही ऐकू येतो. मोठ्या स्टुडिओत हे सगळे पुसून टाकतात. येथे ते राहते आणि कोणीतरी आपल्याशेजारी बसून हळू आवाजात सांगत आहे असे वाटू लागते. शब्द ऐकण्यापूर्वीच भावाचा निम्मा भाग ठरून जातो तो असा.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांचा एक नकाशा मांडला. त्यात आडव्या रेषेवर भावना सुखद की दुःखद हे दाखवले आहे आणि उभ्या रेषेवर ती शांत की उत्तेजित हे. संगीत ॲपनी याच धर्तीवर प्रत्येक गाण्याला ० ते १ या मापात प्रसन्नतेचा आणि ऊर्जेचा आकडा दिला. व्यायामाची आणि झोपेची गाणी वेगळी करायला हा नकाशा पुरतो. पण संथ लय, मऊ आवाज आणि मोजकीच वाद्ये ही अंगाईची लक्षणे आहेत आणि विरहगीताचीही. नकाशावर ही दोन्ही जवळजवळ येऊन बसतात. घरात मात्र एक बाळाला निजवते आणि दुसरे मोठ्या माणसाची झोप उडवते.

अशा वेळी मला नाट्यशास्त्र अधिक उपयोगी पडते. भरतमुनींनी आठ रस सांगितले, हे आपण शाळेपासून ऐकतो, पण त्यांनी ३३ व्यभिचारी भावही सांगितले आहेत, ज्यांना संचारी भाव असेही म्हणतात. औत्सुक्य, स्मृती, चिंता, आलस्य, श्रम, व्रीडा (लाज), विषाद, हर्ष हे त्यांतले काही. हे भाव येतात, थोडा वेळ राहतात आणि जातात. मुळाशी असलेला स्थायी भाव त्यांच्यामुळे उठून दिसतो. आज प्लेलिस्टना दिली जाणारी नावे पाहा: रविवारचा आळस, जुन्या आठवणी, परीक्षेआधीची धाकधूक, प्रवासाची उत्सुकता. ही रसांची नावे नाहीत, संचारी भावांची आहेत. एकेक गाणे एकेका संचारी भावासारखे असते, आणि सगळ्या यादीखालून एक स्थायी भाव वाहत असेल तरच ती यादी होते, एरवी गाण्यांचा नुसता ढीग उरतो. ‘विरह’ या विषयावरच्या यादीत सगळी गाणी रडवेली असतील, तर चौथ्या गाण्यापर्यंत कान बधिर होतात. त्यातच एखादे लाडिक तक्रारीचे, एखादे जुन्या गमतीची आठवण काढणारे, एखादे चक्क रागावलेले गाणे आले, की विरह खरा वाटू लागतो.

याद्यांची नावे ‘सॅड’, ‘चिल’ अशी का नसतात?

कारण मराठीत याहून नेमके शब्द उपलब्ध आहेत आणि नेमका शब्द सापडला की गाणी निवडणे सोपे होते. हुरहुर आणि रुखरुख या दोन्हींना इंग्रजी याद्यांत बहुधा ‘सॅड’च म्हटले जाईल. पण हुरहुरीला निश्चित कारण नसते. गाडी सुटायला अजून दहा मिनिटे असताना फलाटावर जे वाटते, सगळे ठीक असूनही संध्याकाळी जे वाटते, ती हुरहुर. रुखरुखीला कारण असते आणि ते बहुतेक वेळा आपल्याच हातून राहून गेलेले असते: न केलेला फोन, तोंडातून निघून गेलेले वाक्य. म्हणून ‘हुरहुर’ या यादीत मी शब्द कमी आणि वाद्ये जास्त असलेली, शेवट उघडा सोडणारी गाणी घेतली. मुंबईच्या वॉरन मेंडोन्सा यांच्या ब्लॅकस्ट्रॅटब्लूजची शब्दांवाचूनची गिटार तेथे अगदी बरोबर बसली. ‘रुखरुख’साठी मात्र शब्दच हवे होते आणि तेही कोणाला तरी उद्देशून म्हटलेले, म्हणजे ज्यात ‘तू’ येतो अशी गाणी. दोन्ही याद्यांत सारखे बसेल असे एकही गाणे मला सापडले नाही, तेव्हा शब्दांची निवड बरोबर झाली याची खात्री पटली.

भाव ओळखण्यात चूक होत नाही का?

होते. एका जुलैमध्ये मी पावसाची यादी केली होती. तीत एक गाणे होते ज्याच्या मागे सबंध वेळ पावसाची रिपरिप मुद्रित केलेली होती, लय झुलती होती, आणि धृपदात ‘ये ना लवकर’ अशा अर्थाची आर्जवे होती. मी ते तिसऱ्या क्रमांकावर, अगदी आनंदाच्या जागी ठेवले आणि खाली लिहिले की कांदाभजी तळताना ऐका. दोन दिवसांनी त्या गायकाचे पत्र आले. त्यात राग नव्हता. ते गाणे त्याच्या वडिलांवर होते. वडील रुग्णालयात असताना बाहेर जो पाऊस पडत होता, तोच त्याने खिडकीतून फोनवर मुद्रित करून गाण्याखाली ठेवला होता.

मी ते पुन्हा ऐकले, तेव्हा दुसऱ्या कडव्यानंतर पावसाचा आवाज एकदम थांबतो हे मला पहिल्यांदा लक्षात आले. तोवर मी ते गाणे किमान पाच वेळा ऐकले होते. त्याची परवानगी घेऊन मी ते यादीत शेवटी नेले आणि भज्यांची ओळ काढून टाकली. तेव्हापासून प्रत्येक गाणे यादीत घेण्यापूर्वी मी कलाकाराला एकच प्रश्न पाठवते: हे गाणे आपण कोणत्या वेळी आणि कोणासाठी केले? उत्तर यादीत छापायचे नसते. पुष्कळजण उत्तर देतही नाहीत आणि न देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण ज्यांचे उत्तर येते त्यांच्या गाण्याची जागा कित्येकदा बदलते.

कलाकाराचा भाव आणि ऐकणाऱ्याला जाणवलेला भाव वेगळा निघाला, तर कोणाचा बरोबर?

दोघांचाही. जयपूरच्या प्रतीक कुहाडचे एक इंग्रजी गाणे डिसेंबर २०१९ मध्ये बराक ओबामांच्या वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आले आणि एका रात्रीत ते जगभर ऐकले गेले. तुटत आलेल्या नात्याचे ते गाणे आहे, तरी ते आमच्या लग्नात वाजवले होते असे सांगणारी एक जोडी मला भेटली. त्यांना चुकीचे ठरवण्याचा मला अधिकार नाही, कारण गाणे ऐकताना आपल्या आठवणीही त्यात मिसळत असतात. मी एवढेच पाहते की माझी यादी गाण्याच्या तोंडी भलतेच शब्द घालत नाही.

उदास गाणी ऐकून बरे का वाटते?

हा प्रश्न नवा नाही. करुण रसाने आनंद कसा होतो, यावर आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच खोल विचार झाला आहे. भट्टनायकाने आणि त्याच्यानंतर काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याला साधारणीकरणाचे उत्तर दिले. रंगभूमीवरचे दुःख पाहताना ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ अशी बंधने सैल होतात. ते कोणा एकाचे न राहता केवळ दुःख म्हणून समोर येते आणि त्याचा आस्वाद घेता येतो. गाण्याच्या बाबतीत मला हे अगदी पटते. स्वतःचे दुःख आपल्याला चिकटलेले असते, त्याच्याकडे पाहता येत नाही. दुसऱ्याच्या आवाजात ते आले की हातभर लांब जाते आणि मग दिसते.

याला एक मर्यादा आहे आणि ती मी मनापासून सांगते. एखादे गाणे रात्ररात्रभर लूपवर चालू असेल, त्यातून हलके वाटण्याऐवजी अधिकच बुडाल्यासारखे होत असेल, तर ते काम यादीचे नाही. अशा वेळी जवळच्या माणसाला फोन करावा किंवा केंद्र सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतही बोलता येते.

गाण्यांचा क्रम कसा लावता?

गाणी निवडायला मला दोन आठवडे लागतात आणि क्रम लावायलाही जवळजवळ तेवढेच, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. पण भावाचा पुष्कळसा भाग दोन गाण्यांच्या सांध्यात असतो. ज्यांनी कॅसेटवर गाणी भरून घेतली आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यात शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून कागदावर बेरजा करायच्या, आणि बाजू उलटताना ऐकणारा उठेल हे गृहीत धरून ‘अ’ बाजू अशा गाण्याने संपवायची की तो उठून परत येईल.

‘कातरवेळ’ या यादीचे उदाहरण देते. पहिले गाणे केवळ गिटार आणि एका आवाजाचे होते. दुसरे त्याच सुरात, पण मागे हलका ठेका असलेले. तिसरे पुण्याच्या ईझी वॉन्डरलिंग्जचे, ज्यांच्या गाण्यांत अनेक आवाज एकमेकांत मिसळून येतात, त्यामुळे खोलीत दिवा लागल्यासारखे झाले. येथवर सगळे जुळले होते. चौथ्या जागी मी दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचे गाणे ठेवले होते. सूर्यकांत साहनींचा तो जुन्या काळच्या नाइटक्लबमधल्या गायकासारखा भरदार आवाज आणि मागची ट्रम्पेटसारखी फुंकवाद्ये मला फार आवडतात, पण त्या जागी ते गाणे दरवाजा धाडकन उघडून पाहुणे आत यावेत तसे वाटत होते. चार दिवस मी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये निरनिराळी गाणी घालून पाहिली. शेवटी काहीही न घालता ते गाणे नवव्या जागी नेले. तोवर बाहेर पूर्ण अंधार झालेला असतो आणि पाहुण्यांची खरोखरच वाट पाहावीशी वाटते. एका गाण्याची जागा बदलल्यामुळे सबंध यादीला संध्याकाळचा आकार आला.

वाट पाहण्याचे हे महत्त्व प्रयोगशाळेतही दिसले आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की आवडत्या गाण्यातला तो विशिष्ट क्षण येण्याआधी, केवळ त्याच्या अपेक्षेनेच, मेंदूत डोपामाइन हे सुखाच्या जाणिवेशी जोडलेले रसायन स्रवते. आणि अपेक्षेच्या वेळी ते मेंदूच्या ज्या भागात स्रवते, त्याहून वेगळ्या भागात प्रत्यक्ष क्षणी स्रवते. क्रम लावणे म्हणजे ती अपेक्षा गाण्याबाहेर, पुढच्या गाण्यापर्यंत ताणून नेणे.

तांत्रिक बाजूही सांभाळावी लागते. घरी मुद्रित केलेल्या गाण्यांची पातळी एकसारखी नसते, म्हणून ॲपमध्ये आवाज समपातळीत आणण्याची सोय चालू ठेवावी. एक गाणे दुसऱ्यात विरघळवणारा क्रॉसफेड स्पॉटिफायवर १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतो. माझ्या याद्यांसाठी तो शून्यावर ठेवावा ही विनंती, कारण काही गाण्यांच्या शेवटी मुद्दाम ठेवलेली शांतता त्यात खाल्ली जाते.

याद्या पाऊण तासाच्याच का असतात, आणि शफल करून ऐकल्या तर चालतील का?

डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्या जलद लोकलमध्ये मी प्रत्येक यादी तपासून पाहते आणि त्या प्रवासाला साधारण तेवढाच वेळ लागतो. गर्दीत उभे राहूनही जे गाणे मन धरून ठेवते ते घरी नक्कीच धरते. शफल करू नये, असे मी सांगेन. वर सांगितलेले सगळे कष्ट त्या एका बटणाने पुसले जातात.

गाणे ऐकण्याला विशिष्ट वेळ असते का?

आपल्या कानांना तरी ती सवय आहे. भैरव पहाटेचा आणि यमन संध्याकाळचा, हे शास्त्रीय संगीत न शिकलेल्यांनाही ठाऊक असते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीनेही दिवसाच्या प्रहरांप्रमाणे कार्यक्रम लावून ती सवय घराघरांत मुरवली. रात्री १० वाजता ‘छायागीत’ लागले की आमच्या घरी आई दिवे मालवायची आणि कोणीही मोठ्याने बोलत नसे. निवेदक दोन गाण्यांमध्ये जे चार शब्द सांगत, त्यांनी पुढच्या गाण्यासाठी मन तयार होई. मी प्रत्येक यादीखाली कोणत्या वेळी ऐकावे हे लिहिते, ते त्या संस्कारातूनच आले आहे. पण ती केवळ सूचना आहे; परदेशात राहणारी एक मैत्रीण ‘कातरवेळ’ ही यादी सकाळी ऐकते, कारण तेव्हा इकडे संध्याकाळ असते.

भाषा समजत नसेल तर गाण्याचा भाव पोहोचतो का?

भाव पोहोचतो, तपशील पोहोचत नाही. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडच्या २००० सालच्या गाजलेल्या अल्बमचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील एका प्राचीन प्रार्थनेवर आधारलेले आहे. तिची भाषा ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना येत असेल, तरी ते प्रार्थनागीत आहे हे कोणालाही सांगावे लागत नाही. आइसलंडच्या सिगर रोस या बँडने तर २००२ मध्ये नाव नसलेल्या आठ गाण्यांचा, नाव नसलेला अल्बम काढला आणि त्यात कोणत्याही भाषेत अर्थ नसलेली अक्षरे गायली. भावाला शब्दांची गरज किती, याची ती एक प्रामाणिक कसोटी होती. तरीही शब्द असतील तर मी ते समजून घेऊनच यादीत घेते. पावसाच्या गाण्याने तेवढे शिकवले आहे.

याद्यांमध्ये मराठी गाणी किती असतात?

बारांपैकी तीन-चार. वाढावीत ही माझी मनापासून इच्छा आहे. अभंग रिपोस्ट हा बँड संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रमच्या साथीने गातो. अमरावतीचा रॅपर १०० आरबीएच, ज्याच्या नावातच (१०० म्हणजे हिंदीतले ‘सौ’) ‘सौरभ’ लपलेला आहे, गावाकडचा सगळा ताप शब्दांत आणतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या मराठी ‘हाउस’ (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या) गाण्यावर मराठी न येणारे लोकही नाचले. या तिघांत एकमेकांसारखे काहीही नाही, हीच मला सर्वांत आशेची गोष्ट वाटते. मला कमी सापडतात ती मधल्या भावांची मराठी गाणी: ना भक्ती, ना जल्लोष, नुसते मंगळवारच्या दुपारी जे वाटते ते. गजाननराव वाटव्यांच्या पिढीने ज्या गाण्यांना ‘भावगीत’ हे नाव रूढ केले, त्यांचा प्रांत नेमका हाच होता. कोणी अशी नवी गाणी करत असेल, तर कृपया पाठवा.

अभ्यास किंवा वाचन करताना कोणती यादी लावावी?

शब्द असलेली कोणतीही लावू नये. वाचताना कानावर समजणारी भाषा पडत राहिली तर मन दोन्हींकडे ओढले जाते. शब्द नसलेल्या, लय न बदलणाऱ्या गाण्यांची ‘सुट्टीची दुपार’ ही यादी त्यासाठी चालते, मात्र आवाज अगदी हळू ठेवावा.

यादी ऐकल्याने कलाकाराला पैसे मिळतात का?

मिळतात, पण किती थोडे मिळतात हे जाणून घेणे आवश्यक आहे. स्पॉटिफायवर गाणे निदान ३० सेकंद वाजले तरच ते एकदा ऐकले असे मोजले जाते. शिवाय २०२४ पासून, आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला काहीच मानधन मिळत नाही. मोठ्या गायकाला हा आकडा म्हणजे काहीच नाही. आपल्या खोलीत गाणे करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तो डोंगर असतो. म्हणून माझी विनंती असते की यादीतले एक गाणे जरी मनात घर करून राहिले, तरी ते शक्य असल्यास विकत घ्यावे. बँडकॅम्पवर गाणे विकत घेतले तर ते संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते आणि बाकीची रक्कम, व्यवहारशुल्क वजा जाता, कलाकाराकडे जाते. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडते. एका गाण्याची खरेदी म्हणजे शेकडो वेळा ऐकण्याएवढी मदत असते.

माझे गाणे यादीत यावे म्हणून काय करावे? त्यासाठी शुल्क आहे का?

शुल्क नाही आणि कधीही असणार नाही. गाणे, त्याचे शब्द आणि त्यात सहभागी झालेल्या सर्वांची नावे पाठवावीत. वादकांची आणि मिक्सिंग करणाऱ्याचीही. नावे अपुरी असतील तर मी गाणे बाजूला ठेवते, कारण एकदा एका गीतकार मुलीला तिचे स्वतःचे शब्द माझ्या यादीत दुसऱ्याच्या नावावर दिसले होते आणि तिने मला जे दोन ओळींचे पत्र लिहिले ते मी विसरलेले नाही.

पैसे घेऊन ‘दहा हजार वेळा ऐकले जाईल’ अशी हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. तेथे बहुधा माणसांऐवजी यंत्रेच गाणे वाजवतात. हे उघडकीला आले की ॲप ते आकडे काढून टाकते, कधी गाणेच उतरवते, आणि भुर्दंड कलाकाराला पडतो. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने दोन महिन्यांचा पगार असा घालवला आणि शेवटी त्याचे गाणेही गेले. ते मी नंतर त्याच्याकडून पुन्हा मागवून घेतले आणि यादीत लावले. आजवर ते ७६ जणांनी शेवटपर्यंत ऐकले आहे.

जुन्या यादीतले गाणे अचानक दिसेनासे झाले तर काय करावे?

मला कळवावे. बहुतेक वेळा कलाकाराने वितरक बदललेला असतो आणि तेच गाणे नव्या दुव्यावर सापडते. क्वचित कलाकारानेच ते मागे घेतलेले असते. अशा वेळी मी त्या जागी दुसरे गाणे घालत नाही. यादीखालच्या टिपणात गाण्याचे आणि ते करणाऱ्यांचे नाव तसेच ठेवते, आणि कोणत्या तारखेपर्यंत ते येथे होते ते लिहिते.